‘गरिबांचे मनोरथ’ आणि आपल्या मुलांचे मराठी

“आमच्या मुलांचं मराठी कच्चं आहे,” ही तक्रार मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना सव्वीस वर्षे ऐकली. पालक ती करत, इतर विषयांचे शिक्षक करत, आणि दहावीचा निकाल लागला की सगळेच करत. त्यावरचा उपायही ठरलेला होता. गाईड आणा, शब्दार्थ पाठ करून घ्या, समानार्थी-विरुद्धार्थी घोटवा. मुले घोटत. ‘मनोरथ म्हणजे इच्छा’ हे परीक्षेच्या सकाळी येत असे आणि संध्याकाळपर्यंत गेलेले असे. ज्या मुलाने हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही, कुठल्या गोष्टीत भेटला नाही, त्याच्या डोक्यात तो राहावा तरी कशाला?

निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मी मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या वस्तीत, दर रविवारी दोन तास, पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर मराठी वाचते. आमच्याकडे पाठ्यपुस्तक नसते. एक मोठे, प्रकरणाप्रकरणांचे गोष्टीचे पुस्तक असते आणि ते संपेपर्यंत दुसरे उघडायचे नाही असा नियम असतो. माझे म्हणणे सरळ आहे: मुलांना मराठी शब्द द्यायचे असतील तर याद्या बाजूला ठेवा आणि त्यांच्याबरोबर एक अख्खे पुस्तक वाचा. आणि ते पुस्तक आपल्या घरासारखे नसले, तरी घाबरू नका.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आम्ही वाचलेले पुस्तक साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ होते.

पुस्तक आणि वर्ग

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले; १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. दर रात्री श्याम आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो. म्हणजे एक रात्र, एक प्रकरण. आमच्या रविवारला हे माप अगदी बरोबर बसले. गोष्ट घडते ती रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या पालगडच्या परिसरात, एका ब्राह्मण कुटुंबात. घरात पूजाअर्चा आहे, व्रते आहेत, सोवळे आहे. आणि घर हळूहळू कर्जात बुडत चालले आहे.

आमचा वर्गही एकजिनसी नाही, हे सांगायला हवे. ‘मुस्लिम मुलांचं मराठी’ असे म्हणताना लोकांना वाटते की ही सगळी मुले एकाच घरातून आली आहेत. आमच्याकडे निम्मी मुले कोकणी आहेत. त्यांचे आजी-आजोबा दापोली, खेड, महाडकडचे. घरात कोकणी बोलली जाते आणि शाळेत उर्दू. काही मुले परभणी-बीडकडून आलेल्या कुटुंबांतली आहेत, त्यांच्या घरी दखनी चालते. काही उत्तर प्रदेशातून आलेली आहेत. त्यांना मराठी रिक्षात आणि बाजारात जेवढे कानावर पडते तेवढेच येते.

पहिल्या रविवारी मी गृहीत धरले होते की कोकणी मुले पुढे जातील. तसे झालेही. पडवी, ओटी, माजघर, मुसळ, कांडप असल्या शब्दांना ती अडली नाहीत. ‘मथुरी’ नावाच्या प्रकरणात मथुरी ही कांडपीण आहे, म्हणजे भात कांडायला येणारी बाई. एका मुलीने लगेच सांगितले की तिची नानी गावात हेच काम करत असे. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या किती मराठी मुलांना हा शब्द न विचारता कळला असता? ‘श्यामची आई’तले कोकण आपल्या या मुलांचेही कोकण आहे. घरातला देव निराळा असला, तरी घराची बांधणी, भाताची कामे आणि पावसाळ्याची बेगमी तीच आहे.

पण पुढच्या काही रविवारांत बाकीच्यांचीही पाळी आली. पुस्तकात ‘गरिबांचे मनोरथ’ नावाचे एक प्रकरण आहे. ‘गरीब’ सगळ्यांना ठाऊक होते. ‘मनोरथ’ला कोकणी मुले गप्प झाली, दखनीवाली गप्प झाली. हात वर केला तो गोंड्याकडच्या एका मुलाने, ज्याला वर्गात सगळे मराठी येत नाही म्हणून चिडवत. म्हणाला, “टीचर, मनोरथ तो दादी बोलती है। दिल में जो चाहते हैं, वो।” त्या दिवसापासून त्याला चिडवणे बंद झाले. वर्गातल्या एकाकडेही सगळे शब्द नव्हते, पण जवळजवळ प्रत्येक शब्द कुणा ना कुणाच्या घरी होता.

शब्द कुठल्या दारातून आला

या एका शीर्षकावर आम्ही अर्धा तास बसलो होतो. ‘मनोरथ’ संस्कृत, म्हणजे मनाचा रथ. ‘गरीब’ अरबी. अरबीत त्याचा मूळ अर्थ परका, घरापासून दूर असलेला माणूस. उर्दूत ‘ग़रीबुल-वतन’ म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो: वतनापासून दुरावलेला. मराठीत तो फक्त पैसा नसलेला माणूस झाला. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप दोन्ही अर्थांनी गरीब आहेत, हे मुलांना मी सांगायची गरज पडली नाही.

त्याच पुस्तकात ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ अशी प्रकरणे येतात. कर्ज अरबी. अब्रू फारसी ‘आबरू’वरून आलेला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी, तेज. मराठीत आपण एखाद्याचे ‘पाणी उतरले’ म्हणतो, ती कल्पना याच्या जवळची आहे. धिंडवडे मात्र मुलांना नवा होता. ‘धिंड’ सांगितल्यावर चित्र उभे राहिले. या प्रकरणांच्या भोवती सावकार, व्याज, जप्ती, वकील, फिर्याद, लिलाव असले शब्द येतात. त्यातले जप्ती आणि वकील अरबीतून आलेले, फिर्याद फारसीतून, आणि लिलाव पोर्तुगिजांकडून.

मुलांना याची मोठी गंमत वाटली. एका मुलाने विचारले, “टीचर, हमारे लफ़्ज़ सब कोर्ट-कचहरी के ही क्यों हैं?” प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर इतिहासात आहे. शतकानुशतके दख्खनच्या सुलतानांचा दरबार, वसुली आणि न्याय फारसीत चालला आणि ती भाषा गावच्या चावडीपर्यंत पोहोचली. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही आज आपण जमीन, कागद, वसूल, हजर, शिक्का म्हणतोच. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ काढला. पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘तारीख’साठी ‘दिनांक’ दिला. दिनांक अर्जावर राहिला आणि तारीख लोकांच्या तोंडी. दोन्ही आता मराठीच आहेत.

आणि फक्त कचेरीचेच शब्द आले असेही नाही. शाई फारसी ‘सियाही’वरून, दौत अरबी ‘दवात’वरून, दप्तर ‘दफ़्तर’वरून. म्हणजे श्याम शाळेत जाताना पाठीवर जे नेत असेल, त्याचे नाव आपल्या मुलांच्या घरातलेच आहे. उलटीकडून पाहिले तर दखनीतला ‘नक्को’ मराठी ‘नको’वरून आला आणि दखनीत शब्दाच्या शेवटी जोर देण्यासाठी लागणारा ‘च’ही मराठीचा. परभणीच्या मुलाला हे सांगितल्यावर तो दिवसभर ‘मैंच, तूच’ करत हिंडला.

मी हे मुलांना अभिमानाचे इंजेक्शन म्हणून सांगत नाही. ‘बघा, मराठीत आमचे किती शब्द’ अशी बढाई मारायची तर भाषाशुद्धीवाल्यांचेच गणित उलट्या बाजूने मांडल्यासारखे होते. मी सांगते ते एका साध्या कारणासाठी. ज्या मुलाला वाटते की मराठीचे पान म्हणजे परक्याचे घर, ते मूल दारातच अडखळते. त्याच पानावर आपल्या घरचे वीस शब्द दिसले की ते आत येते, बसते, आणि उरलेले दहा शब्द विचारते.

ओळखीचे शब्दच फसवतात

यात एक मोठा खड्डा आहे आणि तो गाईडात सापडत नाही. उर्दूतून आलेल्या मुलाला मराठीतले अनोळखी शब्द फारसे फसवत नाहीत, तो ते विचारून घेतो. फसवतात ते ओळखीचे. ‘तक्रार’ अरबीत म्हणजे पुनरुक्ती, उर्दूत भांडण, बाचाबाची. मराठीत मात्र ती लेखी अर्जाने करायची गोष्ट आहे. ‘खुलासा’ उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. ‘राजीनामा’ उर्दूत दोन पक्षांतली तडजोड, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. ‘मुलाखत’ उर्दूत नुसती भेट. ‘खाली’ म्हणजे रिकामे की तळाला? ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण की छडी? आणि सगळ्यांत नामी ‘शिकस्त’. उर्दूत ती हार आहे. मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ म्हणजे होते नव्हते तेवढे बळ लावले. एका मुलाने हे वाक्य वाचून निष्कर्ष काढला होता की बिचाऱ्याचे प्रयत्न हरले.

असाच घोटाळा ‘निर्व्याज’चा. एका रविवारी आईच्या प्रेमाबद्दल बोलताना मी ‘निर्व्याज प्रेम’ म्हणाले. कर्जाची प्रकरणे नुकतीच वाचून झाली होती. सहावीतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे सूद न घेता केलेलं.” सगळे हसले, पण तिने लावलेला अर्थ तर्काला धरूनच होता. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे ढोंग, निमित्त. निर्व्याज म्हणजे त्यात कपट नाही असे. पैशाचे व्याज हा त्याच शब्दाचा मराठीतला पुढचा अर्थ. बिनव्याजी कर्ज आणि निर्व्याज प्रेम यांतला फरक त्या मुलीला आता जन्मात विसरता येणार नाही. यादीत ‘निर्व्याज म्हणजे निष्कपट’ असे वाचले असते तर तिला ‘निष्कपट’ही विचारावा लागला असता.

हे पुस्तकातच का घडते? कारण प्रकरणांच्या पुस्तकात तेच घर, तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. शब्द एकदा अंदाजाने समजतो, तिसऱ्या प्रकरणात पुन्हा येतो तेव्हा अंदाज पक्का होतो, दहाव्या प्रकरणात तो आपला झालेला असतो. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात श्यामच्या आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहते. वडील एक शब्द न बोलता जेवून उठतात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. मुले म्हणाली, “अळणी मतलब फीका।” मी म्हटले, मराठीत चहा फिका असतो, रंग फिका असतो, मीठ नसेल ते अळणी. पंधरा दिवसांनी एक मुलगी शाळेतल्या खिचडीबद्दल सांगताना सहज म्हणाली, “आज अळणी होती.” तिला हा शब्द कुणी विचारला नव्हता. लागला तेव्हा तो तिला सापडला.

आमची पद्धत अगदी साधी आहे. वाचताना प्रत्येक अडलेल्या शब्दाला थांबायचे नाही, नाहीतर गोष्ट मरते. प्रकरण संपल्यावर प्रत्येकाने तीन शब्द निवडायचे. वहीत तीन रकाने: शब्द, तो कुणाच्या घरी बोलला जातो, आणि त्याचे आपल्या घराबद्दलचे एक वाक्य. ‘श्याम’ने सुरू होणारे वाक्य चालत नाही. ‘मनोरथ’वर एकाने लिहिले, “अब्बांचे मनोरथ आहेत की भाड्याची खोली सोडून स्वतःची घ्यावी.” त्याच्या वहीत मी काहीच दुरुस्त केले नाही.

“पण त्यात पूजापाठ आहे”

हे मला पालकांनी विचारले आणि विचारायलाच हवे होते. काहींचा सूर असा होता की आपल्या मुलांना आधी आपले शिकवू द्या. काहींना वाटले की शाळा-समाज आधीच त्यांच्यावर एकाच संस्कृतीचे वजन टाकतो, आता रविवारीही तेच कशाला?

पहिल्या शंकेला माझे उत्तर आहे की शब्द कळल्याने कुणाचा ईमान जात नाही. दूर्वा, व्रत, सोमवती अवस, नैवेद्य हे शब्द आपल्या शेजाऱ्याच्या रोजच्या जगण्यातले आहेत. शेजाऱ्याच्या घरी काय चालले आहे हे नावानिशी कळणे ही नागरिकाची साधी गरज आहे. ज्या साने गुरुजींनी हे पुस्तक लिहिले, त्यांनीच ‘इस्लामी संस्कृती’ही लिहिले आणि पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांसाठी उघडावे म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले. ते दुसऱ्याच्या घराकडे कुतूहलाने पाहणारे गृहस्थ होते. आपणही तसेच त्यांच्या पुस्तकाकडे पाहावे.

दुसरी शंका जास्त खरी आहे, आणि तिला उत्तर म्हणून मी पुस्तकातले काहीही झाकत नाही. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात मोळी उचलता न येणाऱ्या एका महार म्हातारीला मदत करायचा प्रसंग आहे. तिला शिवायचे की नाही, हा तिथला प्रश्न आहे. इथे ‘सोवळे’ हा शब्द ‘पवित्र’ असा एका शब्दात उरकता येत नाही. मुले लगेच म्हणाली, “पाक-नापाक जैसा।” मी त्यांना विचारले की वजू कुणामुळे तुटतो? आपल्या शरीराच्या कारणाने. मग एखादी म्हातारी नुसती शिवली म्हणून माणूस ओवळा होतो, हे तसेच आहे का? मुलांनी बराच वेळ वाद घातला. शेवटी एका मुलीने मला विचारले की मग आपल्याकडे अमुक बिरादरीत मुलगी देत नाहीत ते काय आहे? तिथे मीही थांबले आणि म्हटले, तो प्रश्न घरी जाऊन विचार. पुढच्या रविवारी दोन आया मला भेटायला आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना पुस्तक हवे होते.

जात, अस्पृश्यता, बिरादरी हे शब्द पाठ्यपुस्तकात व्याख्या होऊन येतात. गोष्टीत ते एका म्हातारीच्या डोक्यावरची मोळी होऊन येतात. आपल्या चळवळीच्या सभांत आम्ही समतेवर जी भाषणे करतो, त्यांतल्या कुठल्याही भाषणापेक्षा त्या रविवारचा वाद मला मोलाचा वाटतो.

शब्द नसल्याची किंमत

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप चार शब्दांसाठी? मग एक प्रसंग सांगते. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना एका पतसंस्थेची मराठीत नोटीस आली. ते शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. नोटिशीत ‘थकबाकी’, ‘जामीनदार’, ‘मुदत’, ‘जंगम मालमत्ता’, ‘जप्ती’ असे शब्द होते. यापूर्वी असे कागद ते गल्लीतल्या एका एजंटाकडे नेत. तो वाचायचे पैसे घेई आणि निम्मे सांगे. या वेळी मुलीने कागद घेतला. ‘जंगम’ तिला अडला, बाकी सगळे तिने वाचले आणि मुदत संपायला नऊ दिवस राहिलेत हे तिने बापाला सांगितले. ते वेळेत वकिलाकडे गेले. पुढे काय झाले ही वेगळी गोष्ट आहे, पण तो माणूस नऊ दिवस आधी जागा झाला. ‘जप्ती’ तिला गाईडाने शिकवली नव्हती. श्यामच्या घराची अब्रू कशी जाते हे वाचताना तिला रडू आले होते, म्हणून तो शब्द तिच्याजवळ होता.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. शासनाचा कागद, पोलीस ठाण्यातला जबाब, स्पर्धा परीक्षेचा पेपर, ग्रामसभेचा ठराव हे सगळे मराठीत आहे. सक्तीच्या तासात मुले पास होण्यापुरते मराठी शिकतील. पण तक्रार लिहिता येणे, सभेत उभे राहून प्रश्न विचारता येणे, खोट्या बातमीला उत्तर देता येणे, हे पास होण्यापुरत्या मराठीत भागत नाही. ज्याच्याकडे शब्द नाहीत, त्याच्या वतीने नेहमी दुसराच कुणी बोलतो, आणि तो काय बोलला हे त्याला नंतर कळते.

देवघेव दोन्ही बाजूंनी हवी

आता एक गाऱ्हाणे मराठी वाचकांकडे. इतकी वर्षे मराठी शिकवूनही मला अजून कुणीतरी भेटते आणि कौतुकाने म्हणते, “तुमचं मराठी किती छान आहे!” हेतू चांगला असतो, पण त्यात आश्चर्य असते. शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून ‘योगसंग्राम’ लिहिला, अमर शेखांनी डफावर संयुक्त महाराष्ट्र गाजवला, हमीद दलवाईंनी ‘इंधन’ लिहिली, १९९० च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. तरीही आश्चर्य का वाटते? मला वाटते, त्याचे एक कारण मुलांच्या पुस्तकांत आहे.

मराठी बालसाहित्यात मुस्लिम मित्र ईदच्या दिवशी येतो, शीरखुर्मा देतो आणि निघून जातो. त्याच्या घरात सहरीला आई कशी उठवते, वजूचे पाणी थंडीत कसे लागते, आजोबांच्या मय्यतीला शेजारचे काका कसे खांदा द्यायला येतात, मुलीला सायकल घेऊन द्यायची की नाही यावर घरात काय वाद होतो, हे सांगणारी प्रकरणांची पुस्तके मराठीत फारच थोडी आहेत. म्हणून दादर-कोथरूडच्या मुलाला ‘सहरी’ हा शब्द बातमीतून भेटतो, गोष्टीतून नाही. आमच्या मुलांनी दूर्वा आणि सोवळे शिकावे आणि त्यांच्या वर्गमित्रांनी जनाजा आणि तरावीह हे शब्द कधीच गोष्टीत वाचू नयेत, हा व्यवहार एकतर्फी आहे. तो बदलायचे काम प्रकाशकांचे आहेच, पण त्याआधी लिहिणाऱ्यांचे आहे. आपल्यात मराठीत उत्तम लिहिणाऱ्या बाया आणि पुरुष आहेत. त्यांनी पुढचा वैचारिक लेख थोडा लांबणीवर टाकून दहा वर्षांच्या मुलासाठी एक दीडशे पानी गोष्ट लिहावी, एवढी माझी विनंती आहे. कोकणातल्या एका मोहल्ल्यात, एका आजीच्या घरात घडणारी. आणि त्यात शब्दार्थाची यादी देऊ नये.

तोवर जे आहे ते वाचू या. ‘श्यामची आई’ संपल्यावर आम्ही ताम्हनकरांचे ‘गोट्या’ घेतले, आता भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’कडे वळणार आहोत. प्रत्येक पुस्तकात निराळे घर आहे आणि प्रत्येक घराचे निराळे शब्द.

आपल्या वस्तीत हे करायला संस्था नोंदवावी लागत नाही. एक खोली लागते, मदरशाची, शाळेची किंवा कुणाच्या घरची. एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती लागतात. त्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयातून मागून आणता येतात. वाचून दाखवणारा माणूस मराठीचा शिक्षक नसला तरी चालतो. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी हे फार चांगले करते. परीक्षा घेऊ नये, बक्षीस ठेवू नये. आयांना दाराशी बसून ऐकायचे असेल तर त्यांना आत बोलवावे. आमच्याकडे आता चार आया येतात आणि त्यांतली एक वही घालते.

जूनमध्ये शाळा सुरू होतील आणि गाईडांची खरेदी सुरू होईल. त्या यादीत गोष्टीचे एक पुस्तक जास्त लिहा, आणि ते मुलाच्या दप्तरात टाकून मोकळे होऊ नका. पहिले प्रकरण तुम्ही वाचून दाखवा. अडलात तर मुलाला विचारा.